बँकॉक: आई-बाबांना घेऊन शहरात फिरायचं कसं?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं बँकॉकला जातोय. मी, बायको, आई (६८) आणि बाबा (७३). पाच रात्री, फक्त बँकॉक. पट्टाया, फुकेत मुद्दामच ठेवलं नाही, दोघांची दगदग नको म्हणून. बाबा ठणठणीत आहेत. आईचे दोन्ही गुडघे दुखतात; सपाटीवर अर्धा तास सहज चालते, जिना चढतेही सावकाश, पण उतरताना तिला कठडा लागतोच.

आमच्या टूरवाल्याचं म्हणणं, पाचही दिवस ड्रायव्हरसकट गाडी घ्या, वयस्कर माणसांना ट्रेन-बोटीचं जमणार नाही. त्याने सांगितलेला आकडा हॉटेलच्या बिलापेक्षा जास्त आहे. पैशाचं एक वेळ सोडा, पण मला आई-बाबांना शहर दाखवायचंय, गाडीच्या काचेतून लाल दिवे नाही.

यादी अशी: ग्रँड पॅलेस, वाट फो आणि वाट अरुण ही देवळं, चायनाटाउन, शनिवारचा चातुचक बाजार आणि आईसाठी सिलोमचं मारिअम्मन देऊळ. हॉटेल अजून ठरवलेलं नाही. विमान पहाटे सुवर्णभूमीला उतरतं. राहायचं कुठे, फिरायचं कशाने, आणि गुडघ्यांचं काय? तिथे राहिलेल्यांनी किंवा नुकतेच जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.

---

चाओफ्रायाकाठी

मी नोकरीनिमित्त सात वर्षं बँकॉकला होतो, माझे आई-वडील दोनदा येऊन राहून गेले. त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला. जरा सविस्तर लिहितो.

पाच दिवस गाडी अजिबात घेऊ नका. कारण त्या शहराच्या रचनेतच आहे. बँकॉक मुळात कालव्यांचं शहर. पहिला आधुनिक पद्धतीचा रस्ता, चारोएन क्रुंग, झाला तो १८६०च्या दशकात. तोवर बहुतेक ये-जा पाण्यावरून. पुढे पुष्कळ कालवे बुजवून रस्ते झाले, आणि त्या रस्त्यांना काटकोनात लांबच लांब गल्ल्या फुटल्या. गल्लीला तिथे ‘सोइ’ म्हणतात. यातल्या बऱ्याच सोइ पलीकडच्या रस्त्याला निघतच नाहीत. आत शिरलात तर आलात त्याच तोंडाने बाहेर. म्हणजे एकेका सोइतली शेकडो घरांची वाहनं एकाच मोठ्या रस्त्यावर येऊन ओतली जातात. संध्याकाळी सुखुमवित या मोठ्या रस्त्यावर एकेक सिग्नल इतका लांबतो की ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढतो आणि मागे रेलून बसतो. थाईत याला ‘रोत तित’ म्हणतात, गाडी अडकली. ऑफिसला उशिरा पोचल्यावर तेवढे दोन शब्द पुरतात, पुढे कोणी काही विचारत नाही. भाड्याची गाडी कितीही आरामशीर असली तरी ती त्याच रस्त्यात उभी राहणार.

म्हणून आधी हॉटेल ठरवा, आणि ते स्टेशन बघून ठरवा. तुमच्या यादीसाठी माझं मत एकच: आसोक. तिथे बीटीएस म्हणजे उन्नत स्कायट्रेनचं आसोक स्टेशन आणि एमआरटी म्हणजे भुयारी मेट्रोचं सुखुमवित स्टेशन एकमेकांना जोडलेली आहेत. एकाच जागेची दोन नावं, हे लक्षात ठेवा, नवीन माणूस यात हमखास फसतो. स्कायट्रेन १९९९ला सुरू झाली, भुयारी मेट्रो २००४ला. पण तुमच्यासाठी खरी महत्त्वाची गोष्ट २०१९ची. त्या वर्षी मेट्रोची निळी लाइन जुन्या शहरात आणि नदीखालून पलीकडे गेली. आधी ग्रँड पॅलेसला जायचं तर टॅक्सी नाहीतर बोट, रेल्वे नव्हतीच. आता सुखुमवितला बसलात की गाडी न बदलता सिलोम, पुढे वाट मांगकोन म्हणजे चायनाटाउन, आणि पुढे सनाम चाय म्हणजे वाट फोच्या दारात. उलट्या दिशेने गेलात तर काम्फेंग फेत स्टेशन, जे थेट चातुचक बाजारात उघडतं. तुमची जवळजवळ सगळी यादी एका लाइनवर आहे!

तिकिटाचं. एमआरटीच्या गेटला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवलं की चालतं. मात्र ते परदेशी वापरासाठी आणि टॅप करण्यासाठी बँकेकडून आधी चालू करून घ्या, आणि चौघांना चार वेगळी कार्डं लागतील. नाहीतर मशीनमधून काळं गोल टोकन घ्यायचं. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. बीटीएसला रॅबिट नावाचं पैसे भरून वापरायचं कार्ड. मी होतो तोवर रॅबिट एमआरटीच्या निळ्या लाइनला चालत नव्हतं. दोन वेगळे कारभार आहेत, हे मनात पक्कं ठेवा म्हणजे गेटपाशी गोंधळ होत नाही.

नदीबद्दल थोड्या वेळाने लिहितो, आता जेवायला हाक आलीय.

---

दादर_ते_सिंगापूर

माहिती उत्तम, पण थोडा मतभेद नोंदवतो. माणसं चार आहेत. बीटीएसचं भाडं अंतराप्रमाणे माणशी १७ बाथपासून पुढे. मधल्या अंतराचे ३५ धरले तर चौघांचे १४०. टॅक्सीचं मीटर ३५ला पडतं, पुढे दहा किलोमीटरपर्यंत किलोमीटरला साधारण साडेसहा बाथ. पाच-सहा किलोमीटरला अडकण्याचे मिनिटाला ३ बाथ धरूनसुद्धा शंभराच्या आसपास. म्हणजे टॅक्सी स्वस्त, वर दारातून दारात. गुडघेदुखी असताना स्टेशनचे जिने का चढायचे? ग्रॅब नाहीतर बोल्ट या अ‍ॅपवरून गाडी मागवा, भाव आधीच कळतो, भाषेची अडचण नाही. गेल्या वर्षी आम्ही सासूबाईंना असंच फिरवलं.

---

चाओफ्रायाकाठी

दादरकर, हिशोब बरोबर आहे आणि दुपारी अकरा ते तीन, किंवा रात्री नऊनंतर मीही टॅक्सीच सांगेन. पण सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते आठ नाही. साडेतीन-चारच्या सुमाराला टॅक्सीच्या पाळ्या बदलतात. गाडी मालकाला परत करायची असते, ड्रायव्हर पत्ता ऐकून मान हलवतो आणि निघून जातो. तो उद्धट नसतो, त्याची अडचण असते. अ‍ॅपवर त्याच वेळी भाव चढतो. आणि पाऊस आला तर कुठलंच वाहन मिळत नाही, हे सात वर्षांत पाठ झालं.

टॅक्सी हात करून घेतलीत तर बसण्याआधी ‘मीटर?’ एवढंच विचारा. आकडा सांगायला लागला तर दार लावून पुढची बघा. हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत छापलेलं कार्ड स्वागतकक्षातून घेऊन पाकिटात ठेवा. आपले उच्चार त्यांना कळत नाहीत. आपण ‘सुवर्णभूमी’ म्हणतो, ते लिहितात तसंच पण म्हणतात ‘सुवन्नफूम’.

आता नदी. साथोर्नचा धक्का बीटीएसच्या साफान ताकसिन स्टेशनखालीच आहे. तिथून चाओ फ्राया एक्सप्रेसच्या बोटी सुटतात. ओळखायचं ते झेंड्यावरून. नारिंगी झेंड्याची बोट रोजच्या माणसांची, कुठेही उतरा, मी होतो तेव्हा १६ बाथ. निळ्या झेंड्याची पर्यटकांची, तेव्हा जवळपास दुप्पट दर, पण बसायला जागा बरी आणि पुढचा धक्का इंग्रजीत सांगतात. धक्क्यावर हातात फलक घेतलेली माणसं तुम्हाला आधी निळ्याकडे नेतील. नारिंगी हवी तर तसं सांगा. था तियनला उतरलात की वाट फो, था चांगला ग्रँड पॅलेस, आणि था तियनवरूनच पाच बाथची फेरीबोट पलीकडे वाट अरुणला जाते.

तुमच्या आईंसाठी मी मात्र निळी सांगेन. वयस्कर माणसांना बोटीत चढवण्या-उतरवण्याचा अनुभव इथे कुणाला तरी असेलच, त्यांनी लिहावं.

---

कोथरूडची_लेक

मला आहे अनुभव. मी आईला (७१, एक गुडघा बदललेला) घेऊन गेले होते, म्हणून जे कुठे वाचायला मिळालं नाही ते लिहिते.

मुलुंडकर, तुम्ही उतरताना त्रास होतो असं लिहिलंत, आणि तीच खरी गोम आहे. बीटीएसच्या कितीतरी एक्झिटना सरकता जिना असतो तो वर जाणारा. खाली यायला साधा जिना, तोही चांगला दोन मजली. लिफ्ट आहेत, पण प्रत्येक एक्झिटला नाहीत, आणि लिफ्ट रस्त्याच्या ज्या बाजूला उतरवते तिथून आपल्याला पलीकडे जायचं असतं. म्हणून स्टेशनात शिरल्यावर आधी नकाशात व्हीलचेअरचं चिन्ह शोधायचं आणि तो एक्झिट नंबर धरायचा. भुयारी मेट्रोत हे सोपं पडलं, लिफ्ट शोधावी लागते पण सापडते. गेटपाशी गणवेशातला रक्षक असतोच. आईच्या गुडघ्याकडे बोट दाखवून ‘लिफ्ट’ म्हटलं की तो स्वतः चालत दारापर्यंत सोडायला यायचा. एकदाही कुणी कंटाळलेलं दिसलं नाही.

बोटीचं. धक्का तरंगता असतो. भरती-ओहोटीप्रमाणे त्याच्याकडे उतरणारा रॅम्प कधी जवळजवळ सपाट, कधी चांगला उताराचा. बोट लागते म्हणजे मागे उभा असलेला माणूस शिट्टी वाजवत वाजवत चालकाला इशारे देतो, दोर खुंट्याला एक वेढा देऊन धरतो, लोक चढतात-उतरतात आणि शिट्टीवर बोट निघते. अर्धं मिनिट जेमतेम. बोट आणि धक्का यांच्यात वीतभर फट, आणि दोन्ही वेगवेगळे हलतात. आईला मी असं शिकवलं: फटीकडे बघायचं नाही, त्या माणसाच्या खांद्याकडे बघायचं आणि चांगला पाय आधी टाकायचा. तो हात देतोच. उतरायचं असेल तर आदल्या धक्क्यालाच उठून मागच्या बाजूला येऊन उभं राहा.

साएन साएप कालव्याची बोट मात्र आईंना नको. तिथे काठ धरून उडी मारावी लागते.

---

बेस्टचा_प्रवासी

साएन साएपचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. मुलुंडकर, आईंना नको हे बरोबरच, पण बाबा ठणठणीत आहेत ना? मग एका दुपारी बाप-लेक दोघंच जा. रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात आणि खाली कालव्यात ही बोट सुसाट. पाणी काळं आहे, वासही येतो. दोन्ही बाजूंना निळी ताडपत्री असते, तिला दोरी. समोरून दुसरी बोट आली की काठावर बसलेल्या माणसाने दोरी ओढून ताडपत्री वर करायची, सगळ्या रांगेच्या अंगावरचं पाणी अडवायची जबाबदारी त्याची. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं फाडतात. प्रातुनामच्या धक्क्यावर बोट बदलून थेट पानफाच्या शेवटच्या धक्क्याला, सोनेरी टेकडीच्या देवळाच्या पायथ्याशी.

आणि एकदा तरी साध्या बसमध्ये बसा. बिनएसीची, खिडक्या उघड्या, आठ बाथ. तिथल्या कंडक्टर बाईच्या हातात लांब पत्र्याची नळी असते, आत सुटे पैसे आणि तिकिटांची गुंडाळी. तिचं झाकण ती खटखट वाजवत येते. मी लहानपणी परळ ते फोर्ट बेस्टने जायचो, कंडक्टर दांडीवर पंच आपटत यायचा तो आवाज कानात बसलाय. त्या बसमध्ये डोळे मिटले आणि क्षणभर मला माझी शाळा आठवली.

---

नाशिकरोड

एक सावधगिरी. ग्रँड पॅलेसच्या भिंतीबाहेर इस्त्रीच्या शर्टातला एक सज्जन माणूस भेटेल. छान इंग्रजीत म्हणेल, आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, दुपारनंतर उघडेल. तोवर हा टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, तुम्हाला चाळीस बाथमध्ये चार देवळं दाखवेल. आम्ही गेलो. दुसरं ‘देऊळ’ म्हणजे रत्नांचं दुकान, तिसरं शिंप्याचं. काही घेतलं नाही म्हटल्यावर टुकटुकवाल्याने अनोळखी रस्त्यावर उतरवून दिलं. बरोबर सात वर्षांची मुलगी होती, टळटळीत ऊन होतं, आजही आठवलं की राग येतो. पॅलेसच्या तिकीटखिडकीवर दिसेल तेच खरं मानायचं. सकाळी साडेआठला उघडतो, साडेतीनपर्यंत प्रवेश. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत.

---

मुलुंडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आसोकजवळचं हॉटेल केलं, सुखुमवित मेट्रोच्या लिफ्टपासून नकाशात २५० मीटर. गाडी रद्द. विमानतळावरून ट्रेन की टॅक्सी तेवढं सांगा.

---

चाओफ्रायाकाठी

सामान आणि रात्रभराचं जागरण, टॅक्सीच. तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावर लेन नंबर असतो. मीटर अधिक विमानतळाचे ५० बाथ अधिक टोल, टोल आपण द्यायचा. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका, जवळ ठेवा, त्यावर गाडीचा नंबर असतो. परतीला सामान हलकं असेल तर एअरपोर्ट रेल लिंक बघा, फाया थाईपासून अर्ध्या तासाच्या आत, ४५ बाथ.

---

मुलुंडकर

कालच परत आलो. जमेल तसं लिहितो.

पहिल्या दिवशी फक्त झोप आणि संध्याकाळी चायनाटाउन. सुखुमवितहून वाट मांगकोन, गाडी बदलायची नाही. आईला सगळ्यात आवडलं ते हेच, की एकदा बसलं की उठायचं ते उतरायलाच.

दुसऱ्या दिवशी सनाम चाय. ते स्टेशन म्हणजे जमिनीखालचा दरबारच वाटतो, खांब नक्षीचे, छत लाल-सोनेरी. बाबा फलकावरची नावं वाचत उभे राहिले. शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे तिथल्या प्रत्येक नावाने त्यांना थांबवलं. ‘चाय’ म्हणजे जय. राचाथेवी म्हणजे राजदेवी. लुम्फिनी म्हणजे लुंबिनी. आमचं आसोक म्हणजे अशोक. बँकॉकचं थाई नाव क्रुंग थेप, त्यातला ‘थेप’ म्हणजे देव, आणि त्या शहराच्या लांबलचक पूर्ण नावात इंद्राच्या सांगण्यावरून विश्वकर्म्याने हे नगर उभारलं असं म्हटलंय, हे त्यांना तिथेच कुठेतरी वाचायला मिळालं. त्यानंतर प्रत्येक स्टेशन आलं की आम्हाला व्युत्पत्ती ऐकायला मिळाली. गाडीतून फिरलो असतो तर यातलं एकही नाव वाचलं नसतं.

पॅलेसला साडेआठलाच पोचलो, अकराला उन्हाने थकलो. वाट फोला सावली आहे, तिथे जास्त वेळ बसलो. फेरीबोटीने पलीकडे वाट अरुण. पायऱ्या फार उभ्या, आई खालीच बसली, तिला त्याचं काही वाटलं नाही. चीनी मातीच्या तुकड्यांची फुलं जवळून बघत होती, म्हणाली आमच्याकडे फुटलेल्या कपबशांचं असं कोणी काही केलं नाही. कोथरूडच्या ताई, तुमचं ‘खांद्याकडे बघायचं’ हे वाक्य तिने पाचही दिवस म्हटलं. प्रत्येक वेळी बोटवाल्याने हात दिला.

चूक एकच झाली. मारिअम्मनच्या देवळाला संध्याकाळी पाचला टॅक्सीने निघालो. पोचायला पन्नास मिनिटं. दादरकर, तुमचा हिशोब दुपारी खरा ठरला, संध्याकाळी चाओफ्रायाकाठींचा. येताना साला देंगहून स्कायट्रेनने आलो, बारा मिनिटांत.

बाबा आणि मी साएन साएपला गेलो. काठाची जागा बाबांना मिळाली. दोरी त्यांनी शेवटपर्यंत कुणाला दिली नाही.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नव्हती म्हणून सांगतो. संध्याकाळी सहाला आम्ही स्टेशनात होतो, ऐन गर्दी, सगळे धावपळीत. ध्वनिक्षेपकावर त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि अख्खं स्टेशन जागच्या जागी थांबलं. मुलीने तोंडाशी नेलेला कप तसाच खाली केला. आम्हीही थांबलो. गीत संपलं आणि गर्दी होती तशी पुन्हा वाहायला लागली. सकाळी आठलाही हे होतं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्या वेळी चालत राहू नका.

---

कोथरूडची_लेक

वाचून फार बरं वाटलं. गर्दीच्या गाड्यांमध्ये आईंना बसायला जागा मिळाली का? मी आमच्या आईच्या बाबतीत तीच काळजी करत होते.

---

मुलुंडकर

दर वेळी मिळाली. राखीव जागांवर वयस्कर, गरोदर बायका आणि भिक्खू यांची चित्रं आहेत, पण त्याची गरजच पडली नाही. पहिल्याच दिवशी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आई आत शिरताच उठली. आई तिला मराठीतच म्हणाली, ‘अगं बस बाळा, दोन स्टेशनं तर जायचंय.’ तिला काय कळलं कोण जाणे. हात जोडून हसली आणि दांडी धरून उभी राहिली.